वास वर येता कामा नये

पातेलं दारातून आत जाईना. आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, टेम्पोवाला घामाघूम झाला. जयदा कमरेवर हात ठेवून दाराकडे असा बघत होता की जणू दारानंच त्याला फसवलंय.

"मापं तूच घेतली होतीस ना?" मी विचारलं.

"पातेल्याचं घेतलं होतं. दाराचं राहिलं."

वरच्या गॅलरीतून वर्तकमावशी सगळं बघत होत्या. घर त्यांचं. तळमजला आम्ही भाड्यानं घेतला होता आणि वर त्या एकट्याच राहत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत.

"अरे जयसिंग, यात तर अख्खा माणूस मावेल रे!"

"माणूस नाही मावशी, हाडं शिजवायची आहेत."

"शिव शिव!" म्हणून त्या आत गेल्या आणि लगेच परत आल्या, कारण पुढची गंमत चुकवायची नव्हती. शेवटी दाराची चौकट काढली तेव्हा ते धूड आत गेलं. आज ते कुणाकडे आहे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करूनही घ्यायचं नाही.

जयसिंग सरनोबत म्हणजे माझा थोरला भाऊ. जपानात फुकुओकाला रामेनच्या दुकानात भांडी घासण्यापासून सुरुवात करून रस्सा सांभाळण्यापर्यंत पोचला होता. तिथून परत आला तो एकच गोष्ट डोक्यात घेऊन. तळेगावच्या आसपासच्या कारखान्यांत जपानी साहेब बरेच होते, त्यांना घरच्या चवीचं कुठं मिळत नव्हतं. मी पिंपरीत हॉटेलांना स्टीलची भांडी, शेगड्या आणि ओटे विकणाऱ्या एका शोरूममध्ये कामाला होते. मला त्यानं ओढलंच.

"रामेन म्हणजे काय ते तरी सांग," आमच्या आईनं कोल्हापूरहून फोनवर विचारलं होतं.

"आपल्या पांढऱ्या रश्शाचा जपानी चुलतभाऊ समज. त्यात शेवया."

"मग पांढरा रस्साच कर की! एवढ्या लांब जाऊन भाऊबंदच शोधून आणलास व्हय?"

पण तो रस्सा आपल्यासारखा तासाभरात होत नाही. हाडं दिवसभर खळखळ उकळत ठेवायची, त्यांतला मगज विरघळून पाणी दुधासारखं होईपर्यंत. आणि उकळताना त्याला जो वास सुटतो तो मला, मटणावर वाढलेलीला, पहिल्यांदा सोसवला नव्हता. जयदाला तो वास म्हणजे अत्तर.

जागा देताना मावशींनी एकच अट घातली होती. "तुम्ही काय शिजवता ते मी विचारणार नाही. जग खातं, मी कोण बोलणार? पण वास वर येता कामा नये. देवघरात बसल्यावर मला तो नको. आला, तर जयसिंग, मला वाईट वाटेल, पण तुला दुसरी जागा बघावी लागेल."

"नाही येणार मावशी," जयदानं त्यांच्या पाया पडून सांगितलं. त्याची सगळी पुंजी त्या तळमजल्यात घातली होती, शिवाय आईच्या बांगड्या. दुसरी जागा बघायची म्हटलं तर बघायला काही उरलं नव्हतं.

त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराची आखणी चवीपेक्षा वासाभोवतीच झाली. शेगडीवर भिंतभर चिमणी बसवली, तिचं पत्र्याचं नळकांडं मागच्या भिंतीवरून थेट गच्चीच्या वर नेलं. सगळ्या खिडक्यांना रबर लावलं. आणि एवढं बंदिस्त केल्यावर जयदानं भिंतीला भोक पाडून बाहेरची हवा आत ओढणारा एक पंखा बसवायला घेतला तेव्हा मी त्याच्यावर उखडलेच.

"एकीकडे फट बुजवतोस, एकीकडे भोकं पाडतोस. वेड लागलंय का?"

"हवा बाहेर फेकायची तर तेवढीच आत यायला नको? नाहीतर आग गुदमरते." तो स्टुलावर उभा राहून स्क्रू पिळत होता. "फुकुओकाला एकदा थंडीत आमचा पंखा बंद पडला. दारं लावलेली. सगळ्यांची डोकी ठणकायला लागली. मला वाटलं, झोप झाली नाही म्हणून. आमचा म्हातारा मालक आत आला, एकेकाला कॉलर धरून बाहेर बर्फात फेकलं त्यानं. अजून थोडा वेळ गेला असता तर उठलोच नसतो म्हणाला."

"कशानं?"

"अर्धवट जळलेल्या गॅसनं. विष तयार होतं. कळतच नाही, त्याला वासच नसतो."

"वास नसतो? मग मावशींना चालेल," मी म्हटलं. तोही हसला. स्क्रू घट्ट झाला का ते त्यानं दोनदा तपासलं.

पहिल्यांदा थोडी हाडं उकळून बघितली त्या दिवशी मावशी दुपारी खाली आल्या. नाकाला पदर, डोळ्यांत पाणी.

"न्हाणीघराच्या खिडकीतून येतोय. घरात काहीतरी मरून पडलंय असं वाटतं रे. मला जेवण गेलं नाही."

नळकांडं त्या खिडकीच्या जवळूनच वर जात होतं आणि एका सांध्यातून गळत होतं. सांधा जयदानं त्याच दिवशी दुरुस्त केला. पण वाऱ्याचा काय भरवसा? वरचं तोंड आणखी उंच न्यायचं तर पत्र्याचं काम करणारा कारागीर गावाला गेलेला. मावशीच म्हणाल्या, "ती खिडकीच बंद करून टाक. नाहीतरी तिथून डासच येतात."

जयदाचं काम म्हणजे देखणं. काचेच्या पट्ट्या काढून त्यानं तिथं जाड पारदर्शक पत्रा बसवला, कडेनं सिलिकॉन भरलं, वर चंदेरी टेप लावली. उजेड पूर्वीसारखाच येत होता, हवेचा मात्र कण शिरत नव्हता. मी खाली स्टूल धरून उभी होते. मावशींनी उदबत्ती पेटवून कडेकडेनं फिरवून बघितली. धूर सरळ वर गेला, जरासुद्धा हलला नाही.

"कसं सुबक केलंय बघ," त्या मला म्हणाल्या. "आमच्या शिरीषला साधा खिळा ठोकता येत नाही." शिरीष हा त्यांचा मुलगा, नाशिकला बँकेत. त्यांनी स्वतःही जुन्या लुगड्याची एक जाड घडी शिवली आणि न्हाणीघराच्या दाराच्या फटीला लावून ठेवली. वास आलाच तर तिथल्या तिथं अडकावा म्हणून.

मग विजेचं झेंगट सुरू झालं. आमचा मोठा फ्रीझर आणि शेवया उकडायचं यंत्र एकदम चालू केलं की अख्ख्या घराची वीज जायची. आमचा वेगळा मीटर अजून यायचा होता. दोनदा मावशी डोक्याला साबण लावून बसल्या आणि पाणी गार पडलं. जयदाला फार लाज वाटली. पण मावशींनी त्यावरही आपणच तोड काढली.

"मी गॅसचा गिझर बसवून घेते आहे," त्यांनी जिन्यातून सांगितलं. "माझ्या बहिणीकडे आहे. कळ फिरवली की कढत पाणी. तुझी यंत्रं चालू दे हवी तेवढी."

"मावशी, आमच्यापायी तुम्ही किती करता," जयदा म्हणाला. 

"गप रे. घरात माणसांचा आवाज आहे हेच मला खूप आहे."

रश्शाची खरी परीक्षा ठरली त्याच्या आदल्या संध्याकाळी फिटर येऊन गिझर लावून गेला. आम्ही तेव्हा हाडं धूत होतो. वर कुणी बघायला गेलं नाही.

परीक्षा अशी: पातेलं काठोकाठ भरून सकाळपासून उकळायचं. मावशी वर असणार. वास आला तर त्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता जमिनीवर आपटणार. आपटला तर दुकान तिथंच संपलं. नाही आपटला तर दुपारी त्या खाली येऊन आमच्या गल्ल्याची पूजा करणार. बोलणं इतकं सरळ होतं.

"सकाळी न्हाऊन घेते चांगली केसांवरून," त्या म्हणाल्या होत्या. "पूजेला बसायचं तर पारोशी कशी येऊ?"

त्या दिवशी परसातल्या भिंतीवर सकाळपासूनच कावळे बसले होते. हाडांच्या पोत्यांचा वास त्यांना लागला असणार. हाकलले की उडायचे, पुन्हा येऊन बसायचे. पातेल्याला उकळी फुटली आणि खालपासून वरपर्यंत घर घुमायला लागलं. पाणी आधी मळकट झालं, मग राखाडी, मग हळूहळू पांढरं. जयदा लाकडी वल्ह्यानं तळ ढवळत होता आणि त्याचे डोळे छताकडे.

"ऐकलंस?"

"काही नाही. खुर्ची सरकवली असेल."

पुन्हा थोड्या वेळानं, "आता?"

"अरे पाणी सोडलंय त्यांनी. आंघोळीला गेल्या असतील. तू ढवळ की."

छताकडून धो धो पाण्याचा आवाज येत होता. मी बाहेर जाऊन नळकांड्याखाली उभी राहिले, हुंगलं. काही नाही. गच्चीच्या जिन्यात जाऊन हुंगलं. काही नाही. आत येऊन सांगितलं तसा जयदानं वल्हं खाली ठेवलं, मला उचलून गोल फिरवलं आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. त्यानं पहिला कप रस्सा गाळला. मीठ घालून मला दिला. मी सांगते, तसलं काही मी आजवर चाखलं नाही. दाट, गोडसर, ओठांना चिकटणारं.

"नाही ठोकलं पदू," तो म्हणत होता. "नाही ठोकलं!"

पाण्याचा आवाज चालूच होता.

तो चालूच आहे हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आमच्या हसण्यात, चव घेण्यात, वाडगे पुसण्यात बराच वेळ गेला होता. एकटी बारीकशी बाई इतकं पाणी कशाला घालवेल? मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं. देवापुढे समई जळत होती, पूजेच्या तबकात हळदकुंकू काढून ठेवलेलं. न्हाणीघराचं दार आतून बंद, आणि दाराखालच्या फटीत लुगड्याची घडी आतल्या बाजूनं ओढून गच्च बसवलेली दिसत होती.

"मावशी? अहो मावशी!"

मी गॅलरीतून ओरडले. जयदानं खालूनच शेगडी बंद केली आणि स्कूटर घेऊन डॉक्टरांकडे धावला. शेजारच्या बंगल्यातले साळवीकाका आले. त्यांनी आणि मी मिळून खांद्यानं दार फोडलं. आत नुसती वाफ. कोंडलेली, ऊन वाफ. काका संकोचून मागे सरले, मी आत गेले, नळ बंद केला, मावशींना पातळात गुंडाळलं, मग आम्ही दोघांनी त्यांना बाहेर आणलं. अंग अजून गरम होतं. मी त्यांचे तळवे चोळत राहिले. मला वाटत होतं त्या आत्ता डोळे उघडून म्हणतील, अगं, केस पुसायचेत माझे.

त्यांचे नेहमीचे डॉक्टर आले. मावशींचं हृदयाचं जुनं दुखणं त्यांना माहीत होतं. "झटका," ते म्हणाले. "कढत पाणी, वय. कळलंही नसेल त्यांना." त्यांनी दाखला लिहिला.

जयदा भिंतीला टेकून उभा होता. न्हाणीघराकडे त्यानं पाहिलं नाही, बाईमाणसाची ती जागा म्हणून तो दिवाणखान्यातच थांबला. लहान मुलासारखा रडला तो.

शिरीष दुपारी नाशिकहून पोचला. उंच, शांत, आईसारखंच नाक. नेण्याची तयारी झाली. साळवीकाकू मावशींच्या कपाळाला गंध लावताना म्हणाल्या, "चेहरा बघा कसा दिसतोय. गालांवर लाली आहे अजून. पुण्यवान बाई." खरंच होते गाल गुलाबी. सगळ्या बायका तेच म्हणत होत्या.

पुरुष स्मशानात गेले. आम्ही बायका घरी राहिलो. फरशी धुतली, मावशींना ठेवलं होतं तिथं पीठ पसरून त्यावर कणकेचा दिवा लावला. साळवीकाकूंनी न्हाणीघर पुसलं, लुगड्याची घडी झटकून होती तशी दाराशी ठेवली. आल्याआल्या सगळ्यांना आंघोळी लागणार होत्या. माझं डोकं सकाळपासून असं ठणकत होतं की बोलवत नव्हतं.

दिवेलागणीला माणसं परतली. जिन्यात शिरीष जयदाच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता ते मला ऐकू आलं.

"जयसिंगराव, दुकान थांबवू नका. आई रोज फोनवर तुमचंच सांगायची. मी जागा विकणार नाही, भाडंही वाढवणार नाही. तिला आवडलं असतं ते होऊ दे."

जयदानं नुसते हात जोडले. शिरीषनं दिव्याला नमस्कार केला आणि पंचा घेऊन आंघोळीला गेला. अग्नी देणाऱ्याची आंघोळ आधी. दाराची कडी सकाळी मोडली होती म्हणून त्यानं आतून बादली लावून घेतली. गिझर भप्पकन पेटला, पाणी धो धो पडायला लागलं. बाकीचे आपापल्या पाळीची वाट बघत बसले, बराच वेळ गेला.

"गोळी आहे का गं कुणाकडे डोकेदुखीची?" मी साळवीकाकूंना विचारलं.

"आमच्या ह्यांचंही सकाळपासून धरलंय. दगदग झाली ना."

जयदा माझ्यासमोर उभा होता. त्याचा चेहरा एकदम कसनुसा झाला.

"कुणाकुणाचं दुखतंय?"

"माझं. काकांचं."

"आणखी कुणाचं?"

"नाही. का रे?"

"आत तुम्ही दोघंच गेला होता ना? दार फोडून?"

मी मान हलवली. त्यानं न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. "पदू, तो गिझर कुठं लावलाय?"

"आतच आहे की, भिंतीला."

तो इतक्या जोरात धावला की पिठावरचा दिवा विझला. "शिरीषराव!" आतून उत्तर नाही. त्यानं लाथ मारली, बादली कलंडली, दार उघडलं. शिरीष पाटावर बसला होता, डोकं भिंतीला टेकलेलं, पाणी अंगावरून वाहतंय, डोळे अर्धवट मिटलेले. जयदानं त्याला काखेत धरून फरफटत गॅलरीत आणलं. लोक ओरडायला लागले. जयदा परत आत पळाला, श्वास कोंडून, आणि खिडकीवरचा तो पत्रा त्यानं मुठीनं फोडून काढला. हाताला रक्त लागलं होतं.

गॅलरीतल्या वाऱ्यावर शिरीष ओकला, मग हळूहळू शुद्धीवर आला. साळवीकाका त्याला वारा घालत होते.

"उपाशी आहे सकाळपासून," काका म्हणाले. "त्यात एवढा आघात. चक्कर येणारच."

"चक्करच ती," कुणीतरी दुजोरा दिला. "साखर-पाणी द्या."

शिरीषनंही मान हलवली. "गरगरलं एकदम," तो म्हणाला. "आभार जयसिंगराव."

सगळ्यांना पटलं होतं. डॉक्टरांचा दाखला झाला होता, देह जळून गेला होता. जयदा एक शब्द बोलला नसता तर त्या चंदेरी टेपचा आणि मावशींचा संबंध जगात कुणी लावला नसता. मला ते त्या क्षणी स्वच्छ दिसलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, नको बोलू. अगदी असंच म्हटलं. मला भाऊ हवा होता, त्याचं दुकान हवं होतं.

तो शिरीषसमोर खाली फरशीवर बसला.

"चक्कर नाही ती. गॅसचा गिझर बंद खोलीत पेटला की विष होतं. मावशी त्यानंच गेल्या. झटका नव्हता."

"बंद खोली कशी? खिडकी आहे ना तिथं."

"ती मी बुजवली. आमचा वास वर येऊ नये म्हणून."

 साळवीकाकूंनी तोंडावर हात ठेवला. शिरीषनं जयदाच्या रक्ताळलेल्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं त्यानं, सोपं झालं असतं.

"ती आत होती तेव्हा," त्यानं विचारलं, "तुम्ही खाली काय करत होता?"

"वाट बघत होतो. वास आला तर त्या जमिनीवर ठोकणार होत्या."

"आणि?"

जयदानं मान खाली घातली नाही. "ठोकलं नाही म्हणून आनंद करत होतो."

शिरीष कठड्याला धरून उठला. पंचा सारखा केला. आत लोक आंघोळीसाठी खोळंबले होते, त्यांच्याकडे त्यानं एकदा पाहिलं, मग साळवीकाकूंकडे वळला.

"काकू," तो म्हणाला, "बाकीच्यांचं पाणी तुमच्याकडे तापवाल का?"